पेडणेकर मागाहून आले

नेरूळच्या ‘सागरदीप’ सोसायटीत परदेशाविषयी कुणाला काही विचारायचं असलं तर माणसं नंदकिशोर पेडणेकरांकडे जात. खरं म्हणजे जावं लागत नसे, पेडणेकरच येत. लिफ्टमध्ये कुणाच्या हातात मोठी बॅग दिसली की ते स्वतःच्या मजल्याचं बटण दाबायचं विसरून विचारत, “कुठे? व्हाया कुठे?” आणि समोरच्याने सांगितलेल्या वाटेत काहीतरी खोट काढल्याशिवाय त्याला खाली उतरू देत नसत.

हे ज्ञान त्यांनी चौतीस वर्षांत कमावलं होतं, आणि त्यासाठी त्यांना जासईच्या पलीकडे कधी जावं लागलं नव्हतं. न्हावा शेवा बंदर नवं नवं होतं तेव्हा वेंगुर्ल्याहून आलेला हा बी. कॉम. तरुण एका क्लिअरिंग एजंटकडे चिकटला, आणि निवृत्त होईपर्यंत जासईच्या यार्डातल्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून जगाला माल पाठवत राहिला. कांदा, कापड, कोळंबी, नट-बोल्ट. कोणता कंटेनर कोलंबोला उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवायचा आणि कोणता ओमानच्या सलालाला, हे सगळं तोंडपाठ. कस्टमचे साहेब बदलले, कायदे बदलले, कागद जाऊन कॉम्प्युटर आले, पेडणेकर तिथेच. “माझ्या हातून एक कंटेनर चुकीच्या बंदरात गेला असेल तर दाखवा,” असं ते छातीठोकपणे सांगत. एक गेला होता. मोंबासाऐवजी मनिलाला. पण ती चूक, पेडणेकरांच्या मते, जहाजाची होती.

स्वतः मात्र ते विमानात कधी बसले नव्हते. मुलगी गीतांजली नऊ वर्षांपूर्वी कॅनडात हॅलिफॅक्सला गेली, तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागली, लग्नापुरती इथे येऊन पुन्हा गेली, घर घेतलं. दर वर्षी ती म्हणे, “बाबा, या की आता.” दर वर्षी पेडणेकर म्हणत, “मी निघालो तर ऑफिस बंद पडेल गं.” मग ते निवृत्त झाले. ऑफिस बंद पडलं नाही. त्यांच्या खुर्चीवर प्राची नावाची पंचविशीतली मुलगी बसली, आणि पहिल्या महिनाभरात तिने पेडणेकरांना एकदाच फोन केला, तोही कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत ते विचारायला.

त्यानंतर चार दिवसांनी ते बायकोला म्हणाले, “चल, कॅनडा बघून येऊ.”

वैजयंतीबाईंनी हे वाक्य ऐकायला नऊ वर्षं काढली होती. पण नवऱ्याला सगळे निर्णय आपलेच वाटावे लागतात हे त्यांना छत्तीस वर्षांपासून ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणताय तर जाऊ.”

तिकिटं गीतांजलीने काढली. मुंबईहून आखात, आखातातून टोरांटो, टोरांटोहून हॅलिफॅक्स. तीन विमानं, आणि दोघांच्याही नावापुढे व्हीलचेअर.

“व्हीलचेअर?” पेडणेकर व्हिडिओ कॉलवर कडाडले. “माझे गुडघे शाबूत आहेत अजून!”

“बाबा, गुडघ्यांसाठी नाही हो. एअरपोर्ट केवढाले असतात, माहितीये? ते लोक बरोबर गेटवर नेऊन सोडतात. सगळ्यांचे आईबाबा घेतात.”

“सगळ्यांच्या आईबाबांनी चौतीस वर्षं ट्रान्सशिपमेंट केलेलं नसतं.”

मागून वैजयंतीबाईंचा आवाज आला, “माझी असू दे गं.”

पेडणेकरांनी तयारीला दोन महिने घेतले. एक हिरवी फाइल केली. तिच्यात पासपोर्ट, व्हिसा, गीतांजलीचं निमंत्रणाचं पत्र, तिचा पत्ता, फोन नंबर, विम्याचे कागद, सगळं अनुक्रमणिकेसकट. बॅगेत काय काय आहे त्याची यादी टाइप केली, चार प्रतींत. आणि जुन्या ऑफिसातून पट्ट्या आवळायचं मशीन मागून आणून बायकोची लाल बॅग आणि स्वतःची निळी बॅग, दोन्हींना उभ्या-आडव्या पिवळ्या पट्ट्या अशा मारल्या की बॅगा हॅलिफॅक्सला पोचल्यावर तरी उघडतील की नाही, शंकाच होती. वैजयंतीबाईंची औषधाची डबी बाहेर काढायची राहिली होती. त्यांनी दुसरी डबी विकत आणली.

विमान दुपारी पाऊण वाजताचं. पेडणेकरांनी सकाळी सहालाच गाडी बोलावली, वाशीचा पूल बंद पडला तर म्हणून. पूल बंद पडला नाही. साडेसातला ते विमानतळावर हजर होते, आणि काउंटर उघडेपर्यंत त्यांनी वैजयंतीबाईंना विमान-वाहतुकीचे सर्वसाधारण नियम समजावून दिले.

पहिली ठिणगी काउंटरवर उडाली. तिथली मुलगी म्हणाली, “मॅडमचा पासपोर्ट मॅडमकडेच द्या सर. व्हीलचेअर पॅसेंजर पुढे जातात.”

“सगळे कागद माझ्या फाइलीत आहेत.”

“पण सर, फाइल पुढे जात नाही ना. मॅडम जातात.”

दागिने गहाण ठेवताना जसा चेहरा होतो तशा चेहऱ्याने पेडणेकरांनी फाइलीतून बायकोचा पासपोर्ट आणि बोर्डिंग पास काढून दिले. “सांभाळ,” ते म्हणाले. “तुला कळत नाही, पण याच्याशिवाय माणूस म्हणजे शून्य.” वैजयंतीबाईंनी पासपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. स्वतःचा पासपोर्ट हातात धरायची ही त्यांची पहिलीच वेळ. फॉर्मवर सहीसुद्धा त्या नवऱ्याने पेन्सिलीने फुली मारलेल्या जागीच करत आल्या होत्या.

विमानाचा प्रवास छान झाला. पेडणेकरांनी पंखांखालच्या यंत्राविषयी मत दिलं, जेवणाविषयी मत दिलं, आणि उतरायच्या आधी वैमानिकाने तिथली स्थानिक वेळ सांगताच घड्याळ शिस्तीत दीड तास मागे घेतलं. फोन त्यांनी मुंबईतच बंद करून ठेवला होता. परदेशात फोन चालू राहिला की कंपन्या लुबाडतात, हेही त्यांना माहीत होतं.

दाराशीच दोन खुर्च्या घेऊन दोन माणसं उभी होती. वैजयंतीबाई एका खुर्चीत बसल्या. दुसरी पाहून पेडणेकरांनी तळहात आडवा केला, “नो, नो. आय वॉक.” पुढे बॅटरीवर चालणारी गाडी होती, तिच्यात खुर्चीवाल्यांनाच जागा. वैजयंतीबाई वळून म्हणाल्या, “अहो, बसा ना. कोण बघतंय इथे?”

“तू हो पुढे. गेटवर भेटू.”

गाडी पीं पीं करत निघून गेली. पेडणेकर सरकत्या पट्ट्यावर न चढता बाजूने ताठ चालत राहिले. तपासणीच्या रांगेत त्यांना पट्टा काढावा लागला, बूट काढावे लागले, आणि फाइलीतली स्टीलची पट्टी शस्त्र नसून कागद दाबायची आहे हे तिघांना समजावावं लागलं. मग मिठाईच्या, अत्तराच्या, सोन्याच्या दुकानांतून वाट काढत ते गेट शोधत गेले. घामाघूम झाले, पण पोचले. गेटवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, खुर्चीवाल्यांची बसायची जागा वेगळी, त्यांना थेट विमानात नेतात. ठीक. यंत्रणा बरी आहे, असा शेरा त्यांनी मनातल्या मनात दिला.

विमान पाच दहाचं. गेट वीस मिनिटं आधी बंद. पेडणेकरांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. आणि इथे चौतीस वर्षांच्या अनुभवाने आपलं काम केलं. जासईच्या केबिनमधून आखातातल्या एजंटला फोन लावायचा तर आधी घड्याळातून दीड तास वजा करायचा, ही सवय त्यांच्या हाडांत मुरलेली. विमानात एकदा वजा केलेला दीड तास त्यांनी आत्ता पुन्हा एकदा वजा केला. म्हणजे पावणेतीन. अजून दोन तास हातात.

गेटसमोर मात्र लोक पोराबाळांसकट रांग लावून उभे होते. “काय ही माणसं!” पेडणेकर पुटपुटले. “जरा म्हणून धीर नाही.” आणि त्या गर्दीपासून दूर, चार खांब पुढे, काचेच्या भिंतीशी जाऊन ते उभे राहिले. समोर एक अवाढव्य विमान उभं होतं आणि त्याच्या पोटात माल भरणं चालू होतं.

या दृश्यापुढे पेडणेकरांना जगाचा विसर पडला. कितीतरी चुका! जड पेटारा आधी चढवायला हवा होता, तो मागाहून चढवला. जाळीची गाठ ढिली. एक कामगार तर चक्क कानात गाणी घालून काम करत होता. पेडणेकर मन लावून प्रत्येक चुकीची नोंद घेत होते. मध्ये स्पीकरवरून कुणा ‘मिस्टर पेड-नीकर’ला दोनदा, तीनदा पुकारलं गेलं. असले बेजबाबदार प्रवासी प्रत्येक विमानाला असतातच, हे त्यांना ऐकून माहीत होतं.

भरणं संपलं, पोट बंद व्हायला आलं, आणि अचानक खाली धावपळ उडाली. एकाने हात हलवून दार पुन्हा उघडायला लावलं. दोघं आत शिरले. शोधाशोध झाली.

“माणूस आलेला नाही म्हणजे,” शेजारी उभ्या असलेल्या एका सरदारजींना पेडणेकरांनी हिंदीत समजावून दिलं. “माणूस चढला नाही तर त्याची बॅग विमानात ठेवत नाहीत. नियम आहे. आता बघा, एका गाढवापायी तीनशे लोकांचा खोळंबा.”

सरदारजींनी आदराने मान हलवली. खालच्या माणसाने गाढवाची बॅग बाहेर काढली. ती निळी होती. तिच्यावर उभ्या-आडव्या पिवळ्या पट्ट्या होत्या.

पेडणेकरांनी हिरवी फाइल काखोटीला मारली. मग धावले. निवृत्तीनंतर ते पहिल्यांदाच धावत होते, आणि गुडघे शाबूत नाहीत ही बातमी त्यांना तेव्हा मिळाली. गेटसमोर रांग नव्हती, माणूसही नव्हता. दोन दोऱ्या आडव्या लावलेल्या होत्या. काचेपलीकडे विमान मागे सरकत होतं.

“माय वाइफ!” ते ओरडले. “माय वाइफ इज इनसाइड!”

सफाई करणाऱ्या एका बाईने त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि मदतीच्या काउंटरकडे बोट दाखवलं.

तिथे बसलेल्या मुलीच्या छातीवर राजलक्ष्मी असं नाव होतं. पेडणेकरांनी इंग्रजीत सुरुवात केली, हिंदीत घसरले आणि शेवटी नकळत मराठीत म्हणाले, “अगं बाई, माझी बायको एकटीच गेली!”

“काका, टेन्शन नका घेऊ,” ती म्हणाली. “पहिले पाणी प्या. मी पण तिकडचीच, वाशीची. सेक्टर नऊ.” मग कीबोर्ड बडवत ती पुढे म्हणाली, “आंटी ऑनबोर्ड आहेत. आमच्या स्टाफने विचारलं त्यांना, उतरणार का म्हणून. त्या बोलल्या, नाही उतरत.”

“नाही उतरत?”

“तसंच लिहिलंय इकडे.”

पेडणेकर खाली बसले. बसल्यावर त्यांना हिरवी फाइल दिसली. निमंत्रणाचं पत्र फाइलीत. पत्ता फाइलीत. गीतांजलीचा नंबर फाइलीत. टोरांटोला अधिकारी विचारणार, कुठे जाताय, कुणाकडे. आणि वैजू काय सांगणार? तिला इंग्रजी येतं ते दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं. बँकेत कधी एकटी गेली नाही. गेली नाही, की जाऊ दिली नाही? हा प्रश्न छत्तीस वर्षांत त्यांना कधी पडला नव्हता. तो पडायला एक परका विमानतळ लागला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पण ओल चष्म्यावर नव्हती.

“काका, तुमचा फोन ऑन करा ना,” राजलक्ष्मी म्हणाली. “मुलीला सांगा.”

फोन चालू झाला तशी गीतांजलीच्या निरोपांची झड लागली. ‘बाबा गेटवर जा.’ ‘बाबा बोर्डिंग सुरू झालं.’ ‘बाबा कुठे आहात??’ पेडणेकरांनी फोन लावला. “अगं, इथे जरा गोंधळ झाला,” ते म्हणाले. “विमानतळाचं घड्याळ...” आणि थांबले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “चुकलं माझं. आईला घ्यायला टोरांटोला कुणी जाईल का?”

जायला कुणी नव्हतं. टोरांटो ते हॅलिफॅक्स म्हणजे नेरूळ ते बेलापूर नव्हे. राजलक्ष्मीने त्यांना दोन पर्याय दिले: उद्या याच वेळी हेच विमान, नाहीतर आजच फ्रँकफर्ट, तिथून मॉन्ट्रियल, तिथून हॅलिफॅक्स. पेडणेकरांनी आजचं घेतलं, आणि उतरवलेली निळी बॅगही त्याच वाटेला लावून घेतली. बायको तिकडे एकटी, आणि आपण इथे मिठाईची दुकानं बघत बसायचं?

“आणि काका, व्हीलचेअर टाकते हं.”

पेडणेकरांनी तोंड उघडलं. मिटलं. “टाक,” ते म्हणाले.

खुर्चीच्या गमती त्यांना फ्रँकफर्टला कळल्या. जिथे दोनशे माणसं नागमोडी रांगेत ताटकळत होती, तिथून त्यांना राजासारखं बाजूच्या दारातून नेलं. खुर्च्यांच्या ओळीत गुजराती, तेलुगू, पंजाबी आईबाप बसले होते. सगळ्यांची प्रकृती ठणठणीत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आजारपणाचा शिष्टाचार. पेडणेकरांच्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, “घुटना?” पेडणेकर म्हणाले, “नहीं. घड़ी.” आजोबांना कळलं नाही, आणि पेडणेकरांनी, आयुष्यात प्रथमच, समजावून दिलं नाही.

मॉन्ट्रियलला कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, खाण्याचं काही आहे का? पेडणेकरांनी चार प्रतींतली एक काढून पुढे केली. कोकम, सोडे, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. प्रत्येकाचं निव्वळ वजन, पॅकिंगसह वजन, इंग्रजीतलं नाव. तो तरुण अधिकारी बराच वेळ वाचत राहिला. मग त्याने सहकाऱ्याला बोलावून ती यादी दाखवली, आणि हसून म्हणाला की इतका नीटनेटका कागद त्याने इथे पाहिलाच नव्हता. बॅगेला त्याने हातसुद्धा लावला नाही. पट्ट्या बघून त्याचा तसाही धीर झाला नसता. एवढ्या प्रवासात पेडणेकरांना कुणी ‘शाबास’ म्हटल्याची ही एकच वेळ. ती त्यांनी पुढे कित्येक महिने पुरवून वापरली.

हॅलिफॅक्सला ते उतरले तेव्हा घर सोडून दोन दिवस झाले होते. समोर गीतांजली होती, जावई शौनक होता, आणि जावयाचं जाड निळं जाकीट घालून, हातात कॉफीचा कागदी पेला घेऊन वैजयंतीबाई उभ्या होत्या. जन्मापासून तिथेच राहत असल्यासारख्या.

“आलात?” त्या म्हणाल्या. “थंडी आहे हं बाहेर. कान झाका.”

गाडीत पेडणेकरांनी हळूच विचारलं, “टोरांटोला अडवलं नाही तुला?”

“विचारलं ना. कुणाकडे चाललात म्हणून. मी पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला.”

“तो फाइलीत होता!”

“अहो, नऊ वर्षं दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावर पत्ता कोण लिहितंय? मीच ना? पिनकोडसकट पाठ आहे मला. नंबर तर रोजचाच.” त्यांनी कॉफीचा घोट घेतला. “चांगला होता हो साहेब. हळूहळू बोलला. लाल बॅगही मीच उचलली पट्ट्यावरून.”

जगभर कंटेनर पाठवणाऱ्या पेडणेकरांच्या घरातून हॅलिफॅक्सला एकच माल नियमित गेला होता, आणि त्याची पाठवणी दुसरंच कुणी करत होतं. त्यांनी हिरवी फाइल मांडीवरून पायाशी ठेवली. मग न राहवून म्हणाले, “पण तू उतरली का नाहीस?”

“उतरून काय करू? तुम्हाला शोधायला मला तिथलं काय माहीत? आणि तुम्हाला तर सगळं माहीत असतं. म्हटलं, येतील.”

या शेवटच्या वाक्यात टोमणा आहे का, ते पेडणेकरांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्यांना तो सापडला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पुढच्या सीटवर गीतांजली खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होती.

दोन महिने मजेत गेले. परतायची वेळ आली तेव्हा वैजयंतीबाईंनी जेवणाच्या टेबलावर, भात वाढता वाढता सांगितलं, “माझं तिकीट महिन्याने पुढचं काढ गं गीतू. तुझ्या बागेत मी मेथी लावलीय, ती खाऊनच निघेन म्हणते. अहो, तुम्ही व्हा पुढे. मी येते मागाहून.”

“एकटी?” पेडणेकर म्हणाले.

“एकटीच की. आले तशीच.”

पेडणेकर पुढे झाले. महिन्याने वैजयंतीबाई तीन विमानं बदलून, वाटेत चुकलेल्या एका तेलुगू आजींना त्यांच्या गेटवर पोचवून, नेरूळच्या घरी आल्या. ही आजींची गोष्ट त्यांनी मासळीवालीला जाता जाता सांगितली, मासळीवालीने ती पाचव्या मजल्यावर नेली, आणि आठवड्याभरात ती सोसायटीभर झाली.

एका रविवारी दारावरची बेल वाजली. पेडणेकरांनी दार उघडलं. बाहेर दुसऱ्या मजल्यावरचे हौसेराव उभे होते, हातात तिकिटाचा छापील कागद. त्यांचा मुलगा मेलबर्नला असतो. पेडणेकरांचे डोळे चमकले.

“कुठे? व्हाया कुठे?” त्यांनी विचारलं आणि हात पुढे केला.

हौसेरावांनी कागद जरा मागे घेतला. माणूस सज्जन. कानकोंडे झाले, घसा खाकरला, आणि पेडणेकरांच्या खांद्यावरून आत डोकावत म्हणाले, “वहिनी आहेत का घरात?”